नवऱ्याच्या नावाचा रकाना

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला एका आशाताईचा फोन आला, शहापूरकडच्या. मी २०२४ ला रिटायर झाले, आता ठाण्यात कोपरीला राहते, तरी या पोरी अजून फोन करतात आणि मला ते बरं वाटतं. म्हणाली मॅडम, एक बाई आहे ५२ वर्षांची, पाळी जाऊन तीन वर्षं झाली, नवरा वारलाय, आणि तिला खाली जखम झालीय, पण दुखत नाही म्हणते म्हणून दाखवायला तयार नाही. मग जरा थांबली. मग हळूच म्हणाली, तिच्याकडे खालच्या पाड्यातला एक जण येतो, सगळ्या गावाला माहितीय, पण मी विचारू कसं, मी तिला आत्या म्हणते.

दुखत नाही म्हटल्यावर मी अंथरुणात उठून बसले. दुखत असती तर एवढी घाबरले नसते. गरमीची, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या सिफिलिसची, पहिली जखम बऱ्याचदा दुखतच नाही, काही आठवड्यांत आपली आपण भरूनही येते, बाई म्हणते गेलं एकदाचं, आणि रोग मात्र आत शिरून वर्षानुवर्षं बसलेला असतो. मी तिला म्हटलं, जखम भरायच्या आत तिला तालुक्याला ने, सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं तिथे, रक्त तपासतील, पेनिसिलीनचं इंजेक्शन देतील, एक पैसा लागत नाही. आणि त्या माणसाचं नाव अजिबात विचारू नकोस. फक्त एवढं विचार, आत्या, औषध एकाचं आणायचं का दोघांचं?

हा प्रश्न मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवला नाही. तो मला फार उशिरा सुचला, आणि सुचायच्या आधी मी जे केलं ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मी ३१ वर्षं नर्सबाई होते, शहापूर तालुक्यातल्या तीन वेगवेगळ्या उपकेंद्रांवर. नोकरीला लागले १९९३ ला, तेव्हापासून माझ्या पिशवीत एक लांबडं रजिस्टर असायचं, पात्र जोडप्यांचं. एप्रिल आला की सर्व्हे, भर उन्हात घरोघर जायचं, पडवीत बसायचं, ताक नाहीतर कोरा चहा घ्यायचा आणि लिहायचं, बाईचं नाव, वय, नवऱ्याचं नाव, पोरं किती, धाकटं केवढं, साधन काय वापरता. बाई १५ ते ४९ मधली पाहिजे आणि लग्न झालेली पाहिजे, तरच जोडपं पात्र. ऑपरेशन झालं की पुढे तसं लिहायचं आणि खरं सांगायचं तर आमचं तिच्याकडचं काम तिथेच संपायचं, म्हणजे २५-२६ वर्षांच्या बाईकडे, कारण आमच्याकडे पोरीबाळी तेवढ्या वयात ऑपरेशन करून मोकळ्या व्हायच्या. नवरा वारला की ओळ बंद. टाकलेली असली की नवऱ्याच्या रकान्यात माहेरचं काहीतरी लिहून ठेवायचं. ४९ पूर्ण झाली की ती रजिस्टरात नाहीच. हे फक्त माझ्याच रजिस्टराचं नव्हतं, सरकारचा जो मोठा कुटुंब आरोग्य सर्व्हे होतो, त्यातला २०१९-२१ चा पाचवा घ्या, त्यातही बाई मोजतात ती ४९ पर्यंतच. पन्नाशीनंतर बाईला गुडघे असतात, बीपी असतं, शुगर असते, बाकी काही नसतं असा एकूण समज, आणि मीही तो समज बरीच वर्षं पिशवीत घेऊन फिरले.

१९९६ चा पावसाळा होता, लावणी उरकत आली होती. लसीकरणाचा दिवस, उपकेंद्राच्या व्हरांड्यात बाया पोरं घेऊन बसलेल्या. एक बाई आली, ४१ वर्षांची, पाय चिखलाचे, सरळ शेतातून आलेली. माझ्या टेबलाजवळ येऊन अगदी बारीक आवाजात म्हणाली, बाय, माझी पाळी चुकलीय. मी मान खाली घालून लिहितच होते, मी वर बघितलंसुद्धा नाही, सवयीने विचारलं, नवऱ्याचं नाव? ती काही बोलेना म्हणून वर बघितलं, ओळखलं, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, अहो पण तुम्ही तर विधवा ना?

व्हरांड्यात एक पोर रडत होतं, तेवढाच आवाज राहिला. ती बाई दोन क्षण उभी राहिली, डोक्यावरचं इरलं नीट केलं आणि पावसात निघून गेली. मी हाकही मारली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता हे सांगितलं पाहिजे, म्हणजे मला वाटलं हिने मला अवघडात टाकलं.

तिने मग कुठूनतरी पाला आणून घेतला. वीस दिवस अंगावरून जात होतं, शेवटी भावाने झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि तालुक्याला नेऊन रक्त चढवलं. वाचली. मी त्या गावात पुढे सहा वर्षं होते, त्या सहा वर्षांत ती एकदाही उपकेंद्राच्या पायरीवर चढली नाही. ताप आला तरी नाही. मी समोरून येताना दिसले की बांधावरून वळून जायची.

गर्भपाताचा कायदा तेव्हाही होता, १९७१ चा. लवकर आलेल्या बाईला वाट काढून देणारा डॉक्टर मिळाला असता, मला ते बघता आलं असतं, माझं कामच ते होतं. पण कायद्यातसुद्धा साधन फेल गेल्याचं कारण लिहिलेलं होतं ते विवाहित बाईला आणि तिच्या नवऱ्यालाच. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ते शब्द बदलले, 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' च्या जागी 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं आलं. आमच्या ट्रेनिंगला ते वाचून दाखवलं तेव्हा बाकीच्या पोरी भराभर वहीत उतरवत होत्या आणि माझ्याच्याने पुढची दहा मिनिटं काही ऐकवेना. ५० वर्षं लागली एक शब्द बदलायला, आणि माझ्या हातात तो शब्द १९९६ ला असता तर मी तो वापरला असता का, याचं उत्तर मला आजही छातीठोक देता येत नाही.

ठाण्यात आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटतं की गावाकडे असलं काही नसतं, हे सगळं शहरातलं, आयटीतल्या पोरापोरींचं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण गावात जेवढ्या तऱ्हांनी माणसं एकमेकांसोबत राहतात तेवढ्या मी कुठे बघितल्या नाहीत, फक्त गावात त्याला नाव नसतं, किंवा असतं ते फार वाईट असतं.

कातकरी वाडीत कितीतरी जोडपी लग्न न करताच राहतात, लपूनछपून नाही, उघड, कारण लग्न म्हणजे गावजेवण, दारू, कपडे, आणि तेवढा पैसा नसतो. "लगीन राहिलंय आमचं" असं सरळ सांगतात, जसं आपण घराला रंग द्यायचा राहिलाय म्हणतो. दिवाळी झाली की भिवंडीकडे कल्याणकडे वीटभट्टीवर जातात, उचल घेतलेली असते, तिथे काम जोडीनेच मिळतं, पावसाच्या तोंडावर परत येतात, आणि पोरगं लग्नाचं झालं की त्याच्या मांडवात आधी आईबापाला हळद लागते. मी असं एक लग्न बघितलंय, नवरी माझ्या वयाची होती आणि लाजत होती, खरोखर लाजत होती. त्यांच्या रकान्यात मी बिनदिक्कत नवरा म्हणून त्या माणसाचं नाव लिहायचे, कधी लग्नाचा पुरावा विचारला नाही. मग कुणब्याच्या विधवेलाच मी ते का विचारलं? मी स्वतः कुणबी आहे, म्हणून असेल. आपल्याच बाईवर आपण जास्त पहारा ठेवतो.

आणि आमच्यात तरी काय, माझ्या आजीच्या वेळी पाट लागायचा. रात्रीच्या वेळी, हळद नाही वाजंत्री नाही, दोन्हीकडची चार माणसं, पण लागायचा, विधवा बाईला हक्काचं घर मिळायचं. मग आम्ही शिकलो, जमिनी विकून दोन पैसे आले, पाट म्हणजे कमीपणा वाटायला लागला. पाट गेला, आणि विधवेने पत्रिका छापून दुसरं लग्न करावं एवढी हिंमत काही आली नाही, तर मधल्या मधे चाळिशीतल्या बाईसाठी काही दारच उरलं नाही. मग ती मागच्या दाराने करते. त्यातही हिशेब असतो, लोकांना वाटतं नुसती चाड नाही म्हणून करते. निराधारचे महिन्याला १५०० रुपये येतात ते लग्न केलं की बंद, दीर जमिनीवर बोट ठेवील ही धास्ती, पोराला सोयरीक मिळणार नाही ही दुसरी. एक बाई मला म्हणाली होती, सिस्टर, तो संध्याकाळी येतो, म्हशीचं बघतो, माझ्याशी दोन शब्द बोलतो, मला ताप आला तर पेज करून देतो, आता याला मी काय म्हणू ते तुम्हीच सांगा. मला काही सांगता आलं नव्हतं.

एक गडी आठवतो. त्याच्या बायकोला मी दोन महिन्यांत दोनदा पाठवलं, अंगावरून पांढरं जायचं, वास, ओटीपोटात दुखायचं. ग्रे किट म्हणजे असल्या रोगांवरच्या औषधांचं सरकारी पाकीट, त्यात दोन औषधं असतात, गोळ्या एकदाच घ्यायच्या, आणि ते बायकोला दिलं की नवऱ्यालाही द्यायचं असतं नाहीतर परत सुरू. हा काही घेत नव्हता, म्हणायचा मला काही त्रास नाही. तिसऱ्यांदा मी त्याला रस्त्यात गाठलं, मोटरसायकल उभी केली, आणि तोवर मला तो प्रश्न सुचला होता. मी म्हटलं, दादा, औषध तुम्हा दोघांचंच द्यायचं, का अजून कोणाचं? तो बराच वेळ हँडल धरून उभा राहिला. मग म्हणाला, अजून एकाचं. पुढे म्हणाला, पण ती बाई नाही सिस्टर. भिवंडीला गोडाऊनला कामाला असतो तो. मी बायांकडे जात नाही म्हणून मला वाटलं मला काही व्हायचं नाही.

४६ वर्षांचा माणूस, दोन पोरी दहावी-बारावीला. आमच्या भिंतीवर जेवढी पोस्टरं लावलेली होती त्यांत सगळीकडे एक बाई आणि एक पुरुषच होता, मग त्याला कोण सांगणार होतं की धोका असतो तो साधन न वापरण्यात, समोर कोण आहे त्यात नाही, आणि त्याच्या बाबतीत तर जास्तच असतो. तीन किटं दिली. एचआयव्हीच्या टेस्टला पाठवलं, आधी तो नाही म्हणाला, गावात कळेल म्हणून. मी त्याला सांगितलं की तुमच्या परवानगीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट कोणाला सांगता येत नाही, त्याचा कायदा आहे २०१७ चा, तरी भीती वाटत असेल तर कल्याणला जा, नाहीतर १०९७ ला फोन करा, तिथे नावही सांगावं लागत नाही. तो ठाण्याला आला टेस्टला. रिपोर्ट काय आला ते मी इथे लिहिणार नाही, तो त्याचा आहे. बायकोचा त्रास थांबला. हे २०१९ चं, म्हणजे पुरुषा-पुरुषांतले संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा निकाल येऊन वर्ष व्हायचं होतं, पण त्या रस्त्यावर तो निकाल कोणाला माहिती होता? मला वरवर माहिती होता, त्याला नव्हता. मी सांगितलं त्याला, की हा आता गुन्हा नाही. तो काही बोलला नाही, हेल्मेट घातलं, काच खाली केली.

शरीराचं पण लिहिते, कारण लोक नात्यावर बोलतात आणि शरीर राहून जातं. पाळी जायच्या आसपास, आपल्याकडे साधारण ४६-४७ ला, बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं. योनीची आतली कातडी पातळ होते, कोरडी पडते, संबंध आले की दुखतं, बारीक चिरा पडतात, लघवीला जळजळ सुरू होते. अशा चिरा असल्या की रोग आत शिरायला वाट मिळते, म्हणजे ज्या वयात बाई म्हणते मला आता कशाला निरोध, त्याच वयात तिला तो जास्त लागतो. ऑपरेशनने पोर थांबतं, रोग थांबत नाही. गर्भपिशवी काढली तरी थांबत नाही. आणि पाळी सलग १२ महिने आली नाही तर ती गेली म्हणायची, त्याआधी चार-पाच महिने चुकून परत येते, त्या मधल्या काळात दिवस जाऊ शकतात, मी ४५ ची आणि ४७ ची अशा बाया बघितल्यात ज्यांना वाटत होतं पाळी गेली आणि पोटात पाच महिन्यांचं पोर होतं.

खोबरेल तेल लावतात बऱ्याच जणी. कोरडेपणाला बरं वाटतं, पण निरोध वापरत असाल तर तेलाने तो फाटतो, लेटेक्सला तेल चालत नाही, पाण्यात बनवलेली, वॉटर बेस्ड जेली मेडिकलमध्ये मिळते ती चालते. ही एवढी साधी गोष्ट मी उपकेंद्रावर मोठ्या आवाजात कधी सांगू शकले नाही, एकेकीच्या कानात सांगितली, ३१ वर्षांत किती कानांत गेली असेल ते माहिती नाही. आशाताई माझ्यापेक्षा हुशार निघाल्या. ३० ते ६५ च्या बायकांची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सुरू झाली, ते पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग येतो का बघायचं, त्या निमित्ताने आमच्या एका आशाने पन्नाशीच्या बाया आणायला सुरुवात केली आणि टेबलावर झोपलेली बाई छताकडे बघत आपोआप बोलायला लागायची. ज्या विषाणूमुळे तो कॅन्सर होतो तो अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, त्यामुळे ५५ व्या वर्षी डाग निघाला म्हणजे बाईने काल काही केलं असं होत नाही, हे आम्ही नवऱ्यांना, पोरांना, एकदा तर एका सासूला बसवून समजावलं होतं.

पुरुषांचं वेगळंच. शुगर आली की ताकद कमी होते, शिरा आणि नसा दोन्हींवर परिणाम होतो, पण तो शुगरच्या डॉक्टरला हे सांगत नाही, तो लोकलमध्ये चिकटवलेली जाहिरात बघतो आणि तंबूतल्या माणसाकडे जातो. नाहीतर मेडिकलमधून ती निळी गोळी आणतो. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी ही गोळी घेतली तर बीपी एकदम पडून जीव जाऊ शकतो. कृपा करून डॉक्टरला विचारा. लाज एका मिनिटाची असते.

हे मी दुसऱ्यांना सांगत होते. आता माझं सांगते.

माझे मिस्टर न्हावा शेवाला ट्रेलरवर होते. महिन्यातून दोनदा घरी यायचे, पोरासाठी खाऊ आणायचे, मला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. २००९ मध्ये हार्ट अटॅकने गेले, ४७ वर्षांचे होते. मी कधी विचारलं नाही की पंधरा-पंधरा दिवस रस्त्यावर असता तर तुमचं काय असतं. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना मी निरोध वाटत होते, घरात माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. ते गेल्यावर बारा वर्षं मी रोज गरोदर बायांचं एचआयव्हीसाठी रक्त घेतलं, माझं एकदाही घेतलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काही कारण नाही. ताप आला, वजन कमी झालं, की मनात तेच यायचं आणि मी ते दाबून टाकायचे. विधवा बाईने टेस्ट कशाला करायची, असा प्रश्न कोणी विचारला असता तर मी काय सांगणार होते.

गुरुजी किन्हवलीकडच्या एका वाडीवरच्या शाळेत होते. शाळेच्या आरोग्य तपासणीला जायचे तेव्हाची ओळख. त्यांच्या पत्नी गेल्या २०१४ ला. २०२० मध्ये मी कोविडच्या ड्युटीवर होते, घरमालकीण म्हणाली तुम्ही घरात येऊ नका, तेव्हा गुरुजी दीड महिना उपकेंद्राच्या कट्ट्यावर डबा ठेवून जायचे, तांदळाची भाकरी आणि कुठलीतरी रानभाजी, मीठ हमखास कमी. आम्ही अजूनही एकमेकांना अहोजाहो करतो, ते मला सिस्टर म्हणतात. माझा मुलगा ऐरोलीला असतो, तो वर्षभर बोलला नाही, आता बोलतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

पुढे जायचं ठरल्यावर मी त्यांना म्हटलं, आपण टेस्ट करू. हे वाक्य बोलायला मला तीन महिने लागले, मला, जिने शेकडो जोडप्यांना समोर बसवून हेच सांगितलंय. मला वाटलं ते दुखावतील. त्यांनी फक्त विचारलं, तुमची झालीय का? मी नाही म्हटलं आणि रडायला आलं, आणि मग बारा वर्षांची ती भीती त्यांना सांगितली, मिस्टरांचं, ट्रेलरचं, सगळं. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग र. धों. कर्व्यांचं सांगायला लागले, त्यांना वाचनाचा नाद आहे, की १९२१ मध्ये त्या माणसाने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि पुढे त्यांच्या मासिकात वाचकांनी विचारलेल्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला, तो १९३४ मध्ये बाबासाहेबांनी लढवला. खटला हरले, गुरुजी म्हणाले, पण लोक प्रश्न विचारतच होते बघा. मला त्या वेळी ते फार आधाराचं वाटलं.

शहापुरात सगळे ओळखतात म्हणून आम्ही आसनगावहून लोकल पकडून ठाण्याला आलो. सरकारी दवाखान्यातलं तपासणी केंद्र, बाहेर बाकडी. आम्ही वेगवेगळ्या बाकड्यांवर बसलो, कोणी ठरवलं नव्हतं, आपोआपच. आत एक पंचविशीतली समुपदेशक मुलगी होती. तिच्यासमोर फॉर्म होता, मला तो फॉर्म पाठ आहे, कुठल्या ओळीवर ती काय विचारणार ते मला माहिती होतं आणि माझे हात गार पडले होते. तिने आमच्याकडे बघितलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, काका, मावशी, तुम्ही दोघं एकत्र आत बसणार का एकेकटे? बस एवढंच. गुरुजी म्हणाले, सोबत आहोत. तिने मग तसं लिहिलं.

दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले, एचआयव्हीचा आणि गरमीचाही. मी बाहेर येऊन स्टेशनजवळच्या सॅटिसच्या पुलावर उभी राहिले, बसगाड्या चालल्या होत्या, आणि मला मिस्टरांची माफी मागावीशी वाटली. आणि त्याच वेळी वाटलं, माफी कशाची, त्यांनी आणि मी एकदा बोलायला पाहिजे होतं एवढंच होतं ते. नंतर माझं दुखणं, त्यांची शुगर, तेही डॉक्टरला दाखवलं. आतून लावायचं मलम मिळालं मला, इस्ट्रोजेनचं, फरक पडला. ५५ व्या वर्षी मला हे पहिल्यांदा कळलं की दुखणं हा त्यातला भाग नसतो. हे वाक्य लिहावं का नको असा विचार दोन दिवस केला, मग म्हटलं राहू दे, कोणीतरी वाचेल.

त्या आशाताईचा परवा परत फोन आला. तिने विचारलं तसंच, औषध एकाचं का दोघांचं. आत्या आधी काही बोलली नाही, तांदूळ निवडत राहिली, आणि ही उठून निघाली तेव्हा दारातून म्हणाली, दोघांचं बघ जमलं तर. तिला इंजेक्शन दिलंय. तो अजून आलेला नाही, पुढच्या सोमवारी येतो म्हणालाय.

आता ती १९९६ ची बाई. गेल्या मे महिन्यात खर्डीला एका लग्नात दिसली. ७० ची झाली असेल, काठी आहे हातात, पण डोळे तेच. मी जेवणाचं ताट ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. या वेळी ती उठून गेली नाही. मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी माझं चुकलं, मी फार वाईट वागले. तिने ऐकलं. बराच वेळ मांडवाकडे बघत राहिली, अक्षता चालल्या होत्या. मग म्हणाली, व्हरांड्यात सात जणी होत्या बाय. आणि एकेकीचं नाव घ्यायला लागली, कोण कुठे बसली होती, कोणाच्या मांडीवर कुठलं पोर होतं. मी बोटांवर मोजत होते. सातही बरोबर होत्या.